चौथ्या खाटेवरचे प्रॉम्प्टर

उजवा तळहात तोंडाशी आडवा धरायचा, मान जरा पुढे काढायची आणि टीव्हीतल्या माणसाने तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य बोलून टाकायचं, ही त्यांची खोड. आवाज अगदी सपाट. "तुले सोडून मी कुठीच जानार नाही," हे वाक्यही ते बसच्या थांब्याचं नाव सांगावं तसं सांगत. मग टीव्हीतला नट तेच वाक्य हिंदीत, डोळ्यांत पाणी आणून म्हणे, आणि आमची अख्खी खोली हसत सुटे.

खोली म्हणजे भंडाऱ्यातल्या एका दवाखान्याचा डायलिसिस विभाग. मी तिथे तंत्रज्ञ आहे. किडन्या निकामी झालेली माणसं एक दिवसाआड येतात, हातात दोन सुया टोचून घेतात आणि चार तास मशीनला जोडलेली पडून राहतात. खेड्यातले लोक याला 'रक्त धुवायला जातो' म्हणतात, आणि मला तेच बरोबर वाटतं. आमच्याकडे पेशंट बरा होऊन घरी जात नाही, तो पुढच्या पाळीला परत येतो. म्हणून डॉक्टरांना माहीत नसलेल्या गोष्टी आम्हाला माहीत असतात. कोणाची सून कशी आहे, कोण चोरून जास्त पाणी पितो, कोण वजनकाट्यावर चढायच्या आधी खिशातली किल्लीसुद्धा काढून ठेवतो.

हे काकाजी चौथ्या खाटेवरचे. एकोडीहून यायचे, साकोलीला बस बदलून. पहिल्या दिवशी मी धंदा विचारला तर म्हणाले, "नाटक कंपनीत होतो." मी अंगावरचा मळकट सदरा पाहिला आणि विचारलं, "काम काय करायचात? राजाचं?" ते म्हणाले, "नाही बाई. राजाले राजाचं वाक्य द्याचो."

आपल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली, धान कापून झालं की गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि धानाच्या रिकाम्या बांध्यांत रात्रभर नाटकं चालतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या नाटकांत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत एका दिव्याखाली बसायचं आणि नट अडखळायच्या आत त्याला पुढचे शब्द पुरवायचे. शब्द द्यायचे, भाव द्यायचा नाही, हा त्या कामाचा कायदा. प्रॉम्प्टर रडवेल्या आवाजात बोलला तर नट गोंधळतो, असं ते मला समजावून सांगत. या कायद्याची त्यांना इतकी सवय झाली होती की पायात गोळे येऊन जीव कासावीस झाला तरी ते तसंच सपाट सांगायचे, "बाई, पाय चालला माझा." नव्या नर्सला वाटायचं, काही विशेष नाही. मी मात्र धावत जायची.

त्यांच्यासोबत काकू असायच्या. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून काहीतरी निवडत, सोलत. चार तास नुसतं बसणं त्या बाईला पाप वाटायचं. घरून वालाच्या शेंगा आणायच्या आणि सोललेले दाणे परत घेऊन जायच्या. टीव्हीकडे त्या कानानेच पाहत.

आता टीव्हीचं सांगते. आमच्याकडचा टीव्ही म्हणजे कायमचं भांडण. पहिल्या खाटेवरच्या मावशी कारध्याच्या, नदीकाठच्या वाडीतली वांगी विकणाऱ्या. त्यांना सासू-सुनांच्या मालिका हव्या. दुसऱ्या खाटेवर निवृत्त गुरुजी, त्यांना बातम्या. बाकीच्यांना क्रिकेट. एकदा रिमोटवरून असं जुंपलं की दोघांचं बीपी चढलं. मी रिमोट काढून घेतला आणि जे कोणीच मागितलं नव्हतं ते लावून दिलं. ती निघाली विज्ञानकथांची एक मालिका. निरनिराळ्या लेखकांच्या लघुकथांवरून केलेली, दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं, नवं जग. हिंदीत डब केलेली. मला वाटलं, दोन दिवसांत सगळे कंटाळतील. पण ती कोणी चुकवेनासं झालं.

पहिला भाग चंद्रावरच्या खाणीतला. सगळे निघून गेलेत, एक पोरगी मागे राहिली आहे, तिला न्यायला यान येणार आहे. भाग संपला तरी यान आलेलं दाखवलं नाही. पुढच्या पाळीला दुसरीच गोष्ट सुरू झाली, तशा मावशी उठूनच बसल्या. "हे काय लावलं? त्या पोरीले न्याले गाडी आली का नाही आली?"

गुरुजी म्हणाले, "मावशी, ती गोष्ट संपली. यात दरवेळी वेगळी गोष्ट असते."

"अशी कशी संपली? पोरगी तिथंच हाय ना!"

मावशींचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्यांची समजूत घातली ती काकाजींनी. "मावशी, कंपनी तेच हाय, खेळ दुसरा लावला. काल आपल्या गावी वेगळं नाटक होतं, आज वेगळं हाय. ते पोरगी आता दुसऱ्या खेळात कोनाची तरी बहीन होऊन येते, पाहा तुमी." आणि योगायोग असा की चार-पाच भागांनंतर तीच नटी खरोखर एकाची बहीण होऊन आली. मावशींनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मते ती चंद्रावरून सुखरूप परतली होती.

तेव्हापासून काकाजी खोलीचे जाणकार झाले. खरं सांगायचं तर त्यांचे अंदाज बरेचदा साफ चुकायचे. यंत्रमानव मालकाला मारणार असं त्यांना वाटे आणि यंत्रमानव मालकाला चहा करून देई. मग आम्ही चिडवायचो, "काकाजी, नटानं वाक्य घेतलं नाही तुमचं." ते शांतपणे म्हणायचे, "लेखक नवीन दिसते. शिकन हळूहळू."

एका भागात एक माणूस स्वतःची हुबेहूब नक्कल करून घेतो. नक्कल घरी ठेवतो, आपण मौजेला जातो. परत येतो तर बायकोला नक्कलच आवडू लागलेली असते. खोलीतले पुरुष हळहळले. काकू शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "दुसरा कामाचा असन."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही कोणता ठेवला असता?"

"मले कुठं मिळाला वो दुसरा? हे दिवाळीले जात, ते होळीले घरी येत. धान चुरनं मी, बैल पाहनं मी, सासूचं दुखनंबी मीच. एक नक्कल ठेवून गेले असते त बरं झालं असतं."

सगळे हसले. काकाजीही हसले, पण त्या दिवशी मग त्यांनी पुढची वाक्यं दिली नाहीत.

याच सुमारास नागपूरच्या डॉक्टरांनी काकूंच्या तपासण्या केल्या होत्या. काकूंची एक किडनी काकाजींना बसवता येईल, असं निघालं. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. या वयातल्या बाईच्या किडन्या इतक्या ठणठणीत पाहून डॉक्टर खूश झाले, हे काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांच्या शरीराचं कौतुक केलं असावं. ऑपरेशन सरकारी योजनेत बसणार होतं. अडचण एकच होती. काकाजी नाही म्हणत होते.

आरडाओरडा नाही, भांडण नाही. कोणी विषय काढला की सपाट आवाजात "ते नाही होनार" म्हणायचे आणि टीव्हीकडे पाहायचे. मुलगी सासरहून येऊन रडून गेली. आमच्या डॉक्टरांनी सांगून पाहिलं की हृदयावर ताण येतो आहे, किती दिवस मशीनवर काढाल. काकाजी म्हणाले, "जितके निघतील तितके."

आणि मग तो भाग लागला.

एक देश असतो. तिथे एका माणसाच्या आयुष्यातली वर्षं काढून दुसऱ्याला देता येतात. नवरा-बायको शेजारी शेजारी बसतात, दोघांच्या हातांत सुया, मधे मशीन, आणि नळीतून काहीतरी हळूहळू इकडून तिकडे जातं. नळीत लाल नव्हतं, पिवळसर उजेड होता, एवढाच काय तो फरक. बाकी ती आमचीच खोली होती. मला वाटलं बंद करावं. रिमोट हातात घेतलाही होता. पण सगळे इतके गप्प होऊन पाहत होते की बटण दाबायला हात धजेना.

पडद्यावर नवरा आजारी आहे. बायको म्हणते, माझी वीस वर्षं घे. मशीनवाला नवऱ्याला विचारतो, घेणार का? नवरा वर छताकडे पाहत राहतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबलेला. मोठा थांबा होता तो. आमच्या खोलीतले सगळे, सवयीने, चौथ्या खाटेकडे पाहू लागले.

काकाजींचा उजवा हात चादरीवर तसाच पडून होता.

तेव्हा काकूंनी मांडीवरची परात खाली ठेवली. तळहात तोंडाशी आडवा धरला, अगदी ते धरत तसा, आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "घेतो, म्हना."

काकाजी हलले नाहीत.

"वाक्य देऊन राहिली मी तुमाले. घेतो, म्हना ना."

त्या बाईने नवऱ्याचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. घरी गुरं कोणी पाहायची? पण आवाज तिने अचूक सपाट ठेवला होता. गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. मावशी उघड रडायला लागल्या.

काकाजी म्हणाले, "मी नट नोय."

तेवढ्यात पडद्यावरचा नवरा म्हणाला, "दे दो." नळीत पिवळा उजेड वाहू लागला. संगीत सुरू झालं. मावशी म्हणाल्या, "पाहा, त्यानं घेतलं." गुरुजी म्हणाले की ही कथा लेखकाने पुरुषांच्या स्वार्थावर लिहिली असावी. मला गुरुजींचा इतका राग आला की त्यांच्या मशीनची वायर नीट करायच्या निमित्ताने मी त्यांच्या आणि टीव्हीच्या मधेच जाऊन उभी राहिले. काकाजी म्हणाले, "बकवास गोष्ट हाय. बदला." त्यांनी मालिकेला बकवास म्हटलं ते त्या एकदाच.

त्या दिवशी सुया काढल्यावर मी त्यांच्या हातावर बोळा दाबून उभी होते. रक्त थांबेपर्यंत दाबून धरावं लागतं. काकू औषधं घ्यायला खाली गेल्या होत्या. मी म्हटलं, "काकाजी, का नाही म्हणता? त्या आनंदाने देताहेत."

काकू येताहेत का, ते त्यांनी दाराकडे पाहून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तिनं मले सारंच देल्लं. मी नाटकात, ते एकटी चिखलात. पोरगी झाली तवा मी देसाईगंजले होतो. माय मेली तवा खेळ चालू होता, निरोप आला तं मालकानं तिसऱ्या अंकापर्यंत सांगतलाच नाही. सारं तिनं केलं. मी दुसऱ्याईले वाक्य देत बसलो. तिचं आयुष्य मी बाहेरून सारं खाऊन बसलो. आता आतलंबी खाऊ?"

शेवटच्या दोन शब्दांना त्यांचा आवाज सपाट राहिला नाही. मी बोळा उगाच आणखी घट्ट दाबला. ज्या माणसाचं म्हणणं चूकही वाटतं आणि बरोबरही, त्याच्याशी वाद कसा घालायचा, हे मला अजून जमलेलं नाही.

मग रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस आले. काकूंना शेतावर राहावं लागलं, काकाजी एकटेच बसने येऊ लागले. हातात डब्याची पिशवी, गळ्याभोवती उपरणं. चढता-उतरताना दम लागायचा. स्टूल रिकामं राहिलं की ते त्याच्यावर आपली पिशवी ठेवत, दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. मालिका चालू होती, पण वाक्यं देणं कमी झालं होतं. कधी कधी भाग चालू असतानाच झोप लागायची. मावशी मला खुणेने विचारायच्या, बरे आहेत ना? मी खुणेनेच हो म्हणायची.

एक दिवस मी मशीन लावत होते, तर त्यांनी विचारलं, "बाई, किडनी काढल्यावर बाईमानसाले वाकता येते का?"

मी म्हटलं, "येतं की. थोडे महिने जड काम नाही करायचं. मग सगळं करता येतं."

"रोवना? दिवसभर वाकून?"

"पुढच्या वर्षी करतील. मी लिहून देते हवं तर."

ते हसले. "या वर्षीचा होऊन जाऊ द्या. तिच्या डोक्यात सध्या धानाशिवाय काही नाही. रोवना झाला का मंग पाहू." आणि लगेच बोट वर करून म्हणाले, "तिले सांगू नका. नाही तं अर्धा रोवना टाकून नागपूरले निघन."

मी सांगितलं नाही. मी त्या दिवशी घरी जाताना रस्त्याने गाणं गुणगुणत गेले. माझ्या नवऱ्याने विचारलं, पगार वाढला का.

त्या आठवड्यात रविवारला जोडून सुट्टी आली होती. दोन पाळ्यांमधे एक दिवस जास्त पडला. आमच्या लोकांना तो एक दिवस फार जड जातो, अंगात पाणी साठतं, हृदय थकतं. मंगळवारी सकाळी सगळ्या खाटा भरल्या, चौथी भरली नाही. मी खिडकीतून बसस्टँडच्या बाजूला पाहत राहिले. वाटलं, पावसाने बस अडकली असेल. दुपारी मुलीचा फोन आला. पहाटे घरीच गेले, म्हणाली. उठून बसले, पाणी मागितलं, आणि बस.

खोलीत मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगावं लागतच नाही. आमच्याकडे खाट रिकामी दिसली की लोक एकमेकांकडे न पाहता चादर नीट करतात. गुरुजी म्हणाले, "टीव्ही नको आज." मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या. पुढच्या आठवड्यात चौथ्या खाटेवर लाखनीचा एक नवा पेशंट आला. वाट पाहणाऱ्यांची यादी मोठी असते. खाट रिकामी ठेवून चालत नाही.

तेरवी झाल्यावर काकू आल्या. एकट्याच. उरलेली औषधं परत द्यायची होती, कोणा गरिबाच्या कामी येतील म्हणून. मी त्यांना आमच्या हात धुवायच्या जागेजवळच्या बाकावर बसवलं, चहा मागवला. त्यांचे हात अजून चिखलाने फुटलेले होते, नखांच्या कडांना काळं होतं. थोडा वेळ त्या खोलीकडे पाहत राहिल्या.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, ते तयार झाले होते. मला विचारत होते, नंतर तुम्हाला वाकता येईल का म्हणून. रोवणा झाला की पाहू म्हणाले होते."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "रोवना तं त्या रविवारीच झाला होता, बाई. मी सांगतलं बी होतं त्याईले. म्हनले, चांगलं झालं. नागपूरचं नाव नाही काढलं."

आत कोणाचं तरी मशीन वाजत होतं. नर्सने बंद केलं. काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टर म्हनले होते ना, माझी लय चांगली हाय म्हनून?"

"हो काकू."

"मंग इथं कोनाले लागत असन तं देऊन टाका. त्या कारध्याच्या मावशीले द्या. नाही तं त्याले द्या." त्यांनी चौथ्या खाटेवरच्या लाखनीच्या माणसाकडे हात केला. त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

मी त्यांना समजावून सांगितलं. कायद्याने नात्यातल्यालाच देता येते. नवरा, बायको, आई, बाप, मुलं, भाऊ, बहीण. परक्याला अशी देता येत नाही. मी हे शेकडो लोकांना सांगते, मला पाठ आहे. पण त्या दिवशी ते नियम माझ्या तोंडून असे निघत होते की जणू मीच ते केले आहेत.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. समजल्यासारखी मान हलवली. उभ्या राहिल्या, पिशवी खांद्याला लावली आणि दुसरा हात नकळत कमरेवर, पाठीमागे, बरगडीच्या खाली ठेवला.

"त्याईच्यासाठीच राखून ठेवली होती," त्या म्हणाल्या. "आता मी हिचं काय करू?"